बिदागी आणि वर्षासन

भिलाई हे महिन्याच्या पगारावर उभे राहिलेले नगर आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या मुलखात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांचे एक नवे गाव वसले. या गावातील वसाहतींना नावे नव्हती, क्रमांक होते. घरे सारखी होती, पाळ्या ठरलेल्या होत्या आणि पगाराची तारीखही ठरलेली होती. या निश्चिततेच्या बळावर दोन पिढ्यांनी मुले शिकवली, घरे बांधली, आवर्ती ठेवी भरल्या आणि कर्जे फेडली. पगारपत्रक समोर ठेवले की शाखेतील अधिकाऱ्याला फारसे प्रश्न विचारावे लागत नसत.

याच घरांतील तिसरी पिढी आता एका वेगळ्या व्यवसायाकडे वळू लागली आहे. कोणी गणित शिकवतो, कोणी छत्तीसगढी विनोदी प्रहसने करतो, कोणी स्वयंपाक दाखवते, तर कोणी पंडवानीचे नि करमा नृत्याचे चित्रण करते. हातात भ्रमणध्वनी असतो, खोलीच्या कोपऱ्यात एक दिवा आणि एक तिपाई असते, आणि तयार झालेला व्हिडिओ यूट्यूबसारख्या मंचावर जातो. कष्ट कमी नसतात आणि प्रेक्षकही पुष्कळदा हजारांनी असतात. या व्यवसायाला फक्त पगाराची तारीख नसते. एका महिन्यात खात्यात अनपेक्षित मोठी रक्कम येते आणि पुढचे दोन महिने खाते कोरडे राहते. घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, “हे ठीक आहे, पण कामाचे काय?” या प्रश्नामागे तुच्छता कमी आणि काळजी अधिक असते. उत्पन्नाची तारीखच ठाऊक नसेल तर आयुष्याचा हिशेब मांडायचा कसा, असे त्यांना विचारायचे असते.

या काळजीवर एक उपाय गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. प्रेक्षकाने आवडत्या वाहिनीला दरमहा थोडी, ठरलेली वर्गणी द्यावी, असा तो उपाय होय. तो कितपत उपयोगी आहे, कोणाला परवडतो आणि त्यातले धोके कोणते, याचा विचार जितका प्रेक्षकाने आणि निर्मात्याने करावा, तितकाच बँकेनेही करावयास हवा.

तुलसी गावाचे उदाहरण

हा व्यवसाय म्हणजे चार-दोन हौशी तरुणांचा खेळ आहे, असा कोणाचा समज असेल तर त्याने भिलाईहून फार दूर नसलेल्या, रायपूर जिल्ह्यातील तुलसी या गावाकडे पाहावे. सुमारे चार हजार वस्तीच्या या गावातील हजारभर माणसे कोणत्या ना कोणत्या रीतीने व्हिडिओनिर्मितीत भाग घेतात, असे वृत्तांत देशविदेशांतील वृत्तसंस्थांनी दिले आहेत. कोणी लिहितो, कोणी अभिनय करतो, कोणी चित्रण करतो, तर आजीबाई आजीची भूमिका करतात. ‘बीइंग छत्तीसगढिया’ ही तेथील वाहिनी २०१८ साली जय वर्मा आणि ज्ञानेंद्र शुक्ला या दोघांनी सुरू केली. त्यांपैकी एक शिकवण्या घेत होता. दुसरा बँकेतील संगणक-जाळ्याची नोकरी सोडून या वाटेला आला, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांना विशेष वाटावी. २०२३ साली शासनाने या गावात ‘हमर फ्लिक्स’ नावाचे चित्रीकरण केंद्रही उभारून दिले.

तुलसीने एक गोष्ट सिद्ध केली. प्रेक्षक मिळवण्यासाठी मुंबईला जावे लागत नाही आणि आपली बोली सोडावी लागत नाही. मात्र प्रेक्षक मिळणे आणि उपजीविका मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असे नाही, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते.

बिदागीचे उत्पन्न

कीर्तनकार बुवांना पूर्वी दोन प्रकारांनी द्रव्य मिळे. कीर्तन संपल्यावर यजमान जे हाती ठेवी, ती बिदागी. ती श्रोत्यांच्या गर्दीवर, यजमानाच्या मर्जीवर आणि त्या वर्षीच्या पिकावर अवलंबून असे. एखाद्या देवस्थानाने किंवा संस्थानिकाने वर्षाकाठी ठरवून दिलेली रक्कम, ते वर्षासन. रक्कम लहान असली तरी ती येणार हे नक्की असे, आणि त्या भरवशावर बुवांचे घर चाले. बिदागीने सण साजरा होई, वर्षासनाने संसार होई.

यूट्यूबवरील जाहिरातींचे उत्पन्न हे या अर्थाने बिदागीच आहे. निर्मात्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटेकरी करून घेण्याची योजना या मंचाने २००७ साली सुरू केली. लांब व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के आणि ‘शॉर्ट्‌स’ या लघुव्हिडिओंच्या वाट्याला येणाऱ्या रकमेपैकी ४५ टक्के निर्मात्याला मिळतात. हे प्रमाण ऐकायला समाधानकारक आहे. परंतु ज्या रकमेचे ते टक्के आहेत ती रक्कम निर्मात्याच्या हाती नसते. जाहिरातदार सणासुदीत अधिक खर्च करतात आणि नंतर हात आखडता घेतात. छत्तीसगढी किंवा मराठी प्रेक्षकासाठी मोजला जाणारा भाव इंग्रजी प्रेक्षकाइतका नसतो. मंचाच्या शिफारस-यंत्रणेने एखाद्या महिन्यात व्हिडिओ पुढे केला नाही तर तितक्याच कष्टांचे मोल निम्म्यावर येते.

शिवाय या पंगतीत बसण्यासाठीच अटी आहेत. जाहिरातींत वाटा मिळण्यासाठी वाहिनीला किमान १,००० सदस्य हवेत. त्याखेरीज बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची किंवा नव्वद दिवसांत लघुव्हिडिओ एक कोटी वेळा पाहिले गेल्याची नोंद हवी. जमा झालेली रक्कम १०० डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांहून अधिक, होईपर्यंत ती बँक खात्यात पाठवली जात नाही. त्यामुळे लहान वाहिनीच्या खातेपुस्तकात महिने मोकळे दिसतात. कामे झालेली असतात, पण उंबरठा ओलांडलेला नसतो.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. पावसावरचे भात आणि कालव्यावरचे भात यांतील अंतर तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. तांदुला धरणाचे पाणी जसे शेतांना मिळते तसेच ते भिलाईच्या कारखान्यालाही मिळते. भट्टी पावसाच्या भरवशावर ठेवता येत नाही, हे ते नगर वसवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

वर्षासनाचा नवा अवतार

प्रेक्षकाने निर्मात्याला थेट आणि नियमित पैसे द्यावेत, ही कल्पना ठळकपणे पुढे आली ती २०१३ साली. अमेरिकेतील जॅक काँटे या संगीतकाराने एका संगीत-व्हिडिओसाठी बराच पैसा आणि वेळ खर्च केला. लाखो प्रेक्षक मिळाले तरी जाहिरातींतून येणारी रक्कम त्या खर्चापुढे नगण्य ठरणार, हे त्याला दिसत होते. सॅम याम या सहकाऱ्याबरोबर त्याने ‘पॅट्रिऑन’ ही सेवा सुरू केली. आश्रयदाता हा जुनाच शब्द तिच्या नावात आहे. फरक इतकाच की एका राजाऐवजी शेकडो सामान्य माणसे येथे आश्रयदाते होतात.

त्याच वर्षी, मे महिन्यात, यूट्यूबनेही एक प्रयोग केला. काही निवडक वाहिन्या केवळ पैसे भरणाऱ्यांनाच पाहता येतील, अशी ती योजना होती. तिची सुरुवातीची किंमत महिन्याला ०.९९ डॉलर इतकी अल्प होती. तरीही तो प्रयोग रुजला नाही आणि पुढे बंद करण्यात आला. जून २०१८ मध्ये ‘वाहिनी सदस्यत्व’ जाहीर झाले तेव्हा विचाराची दिशाच बदललेली होती. वाहिनी सर्वांना खुली राहील. ज्याला इच्छा आहे त्याने दरमहा वर्गणी द्यावी आणि त्याबद्दल काही जादा गोष्टी मिळवाव्यात. या वर्गणीतून कर आणि आयफोनसारख्या उपकरणांवरील दुकानाचे शुल्क वजा जाता उरलेल्या रकमेपैकी ७० टक्के निर्मात्याला मिळतात. या सुविधेसाठीच्या अटीही २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आल्या: ५०० सदस्य, नव्वद दिवसांत तीन व्हिडिओ, आणि वर्षभरात ३,००० तास पाहिले गेल्याची किंवा नव्वद दिवसांत लघुव्हिडिओ तीस लाख वेळा पाहिले गेल्याची नोंद.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. यूट्यूबवरील ‘सबस्क्राइब’ या बटणाला पैसे पडत नाहीत. ती केवळ नावनोंदणी आहे. पैसे लागतात ते ‘जॉइन’ या बटणाला. मराठी नियतकालिकांच्या भाषेत सांगायचे तर पहिला तो वाचक आणि दुसरा तो वर्गणीदार. अनेक निर्माते पहिल्या संख्येचा अभिमान बाळगतात. व्यवसाय मात्र दुसरीवर उभा राहतो.

कलावंताला निश्चित उत्पन्न दिले की काय घडते, हे पाहण्यास भिलाईकरांना दूर जावे लागत नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानी देशविदेशांत नेली आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांना भिलाई इस्पात संयंत्राने नोकरी दिली होती. कारखान्याचा पगार हेच त्यांचे आधुनिक वर्षासन होते. प्रत्येक कलावंताला कारखाना नोकरी देऊ शकत नाही. तेव्हा त्याची जागा शेकडो वर्गणीदारांनी घेता येईल काय, असा प्रश्न उरतो.

पेंड्र्याचा धडा

या प्रश्नाचे एक जुने उत्तर छत्तीसगडच्याच इतिहासात आहे, आणि ते फारसे सुखावह नाही. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे हे मराठी घरातले. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा आणि समर्थांच्या ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद पुढे त्यांनीच केला. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक होते आणि वामन बळिराम लाखे प्रकाशक. हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाणारी सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली याच मासिकात प्रसिद्ध झाली. गुणवत्तेत काही उणे नव्हते. तरी १९०२ च्या डिसेंबरात मासिक बंद पडले. कारण आर्थिक होते: केवळ लौकिकावर छापखान्याचे देणे भागत नाही.

या कथेचा उत्तरार्ध बँकेच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. प्रकाशक वामनराव लाखे यांनी पुढे, १९१३ साली, रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली आणि छत्तीसगडमधील सहकारी चळवळीचे अग्रणी म्हणून ते ओळखले गेले. ज्यांनी मासिक चालवून पाहिले, त्यांनीच पुढे अनेकांच्या लहान रकमा एकत्र करून एक भरवशाची संस्था बांधली. लहान रक्कम दुबळी असते, परंतु ती नियमित येत असेल आणि तिचा हिशेब नीट ठेवला जात असेल तर तिच्यावर संस्था उभी राहते. वर्गणीचे मर्म यापेक्षा वेगळे नाही.

सप्रे यांच्यापुढील दोन अडचणी आज नाहीत. अंक टपालाने पाठवावा लागत नाही, आणि वर्गणी मागण्यासाठी स्मरणपत्रे धाडावी लागत नाहीत; ती खात्यातून आपोआप वळती होते. तिसरी अडचण मात्र जशीच्या तशी आहे. लोकांना वाचायला आवडते, पाहायला आवडते. पैसे देण्याची सवय लागायला वेळ लागतो.

एक लहानसा हिशेब

उदाहरणादाखल असे समजू की एखाद्या वाहिनीने दरमहा ५९ रुपये वर्गणी ठेवली आणि त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर अंतर्भूत आहे. कर ९ रुपये गेला, उरले ५०. त्यांतील १५ रुपये मंचाचे आणि ३५ रुपये निर्मात्याचे. आता निर्मात्याला चांगला कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि दिवे यांसाठी एक लाख रुपयांचे कर्ज हवे आहे. वार्षिक १२ टक्के दराने चोवीस महिन्यांचा हप्ता सुमारे ४,७०७ रुपये येतो. तो भागवण्यास १३५ वर्गणीदार पुरतात, कारण १३५ गुणिले ३५ म्हणजे ४,७२५ रुपये.

हजारो प्रेक्षक असलेल्या वाहिनीला १३५ ही संख्या अशक्य वाटू नये. पण सावध अधिकाऱ्याने येथेच थांबून पुढचा प्रश्न विचारावा: हे १३५ जण पुढच्या वर्षी असतील काय? दरमहा दहांतील एक वर्गणीदार गळत गेला आणि नवा आला नाही, तर तीन महिन्यांनी सुमारे ९८ च उरतात आणि उत्पन्न ३,४३० रुपयांवर येते. हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून वर्गणीच्या टिकून राहिलेल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक हप्ता नसावा, हा संकेत रास्त ठरेल. त्या हिशेबाने या कर्जासाठी १३५ नव्हे, २७० वर्गणीदार हवेत. अनिश्चित व्यवसायात इतकी खबरदारी घेणे निर्मात्याच्याच हिताचे आहे.

आणखी दोन बारकावे आहेत. वर्गणीची रक्कम जाहिरातींच्या उत्पन्नासोबतच येते आणि १०० डॉलरचा उंबरठा तिलाही लागू आहे. त्यामुळे लहान वाहिनीला दोन महिन्यांची रक्कम एकदम मिळू शकते. हप्त्याची तारीख ठरवताना हे ध्यानात घ्यावे आणि दोन हप्त्यांइतकी रक्कम खात्यात कायम शिल्लक ठेवावी. दुसरा बारकावा कराचा. अमेरिकेतील प्रेक्षकांपासून मिळालेल्या उत्पन्नावर तेथील कर कापला जातो. कराची माहिती रीतसर भरून दिली आणि उभय देशांतील कराराचा लाभ मागितला, तर भारतीय निर्मात्यासाठी तो दर १५ टक्के असतो. माहितीच न दिल्यास एकूण उत्पन्नावर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भिलाईची मुले अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि गावची भाषा ऐकण्यासाठी तीच आधी वर्गणी भरतील. तेव्हा हा अर्ज भरण्याचा आळस महागात पडेल. भारतातील आयकर विवरणपत्रात हे सारे उत्पन्न दाखवणे तर ओघानेच आले. ते दाखवणाऱ्यालाच उद्या कर्ज मागताना पुरावा हाती असतो.

वर्गणीदाराची बाजू

आतापर्यंतचा विचार घेणाऱ्याचा झाला. देणाऱ्याचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे, कारण पैसा त्याचा आहे. महिन्याला ५९ रुपये म्हणजे वर्षाला ७०८. अशा पाच वाहिन्या झाल्या की वर्षाचे ३,५४० रुपये. रक्कम लहान असल्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि लक्ष जात नाही म्हणून ती जातच राहते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या गृहस्थांच्या भ्रमणध्वनीवर नातवाने कौतुकाने ‘जॉइन’चे बटण दाबले आणि वर्षानंतर खातेपुस्तक भरून घेताना ते ध्यानात आले, असे सहज घडू शकते.

अशा ग्राहकाच्या संरक्षणाची व्यवस्था आहे, पण तिचा उपयोग त्यानेच करावयाचा आहे. आवर्ती वळत्या रकमांबाबत रिझर्व्ह बँकेची चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आली. तिच्यानुसार आदेशाची नोंदणी करताना ग्राहकाची जादा पडताळणी आवश्यक असते. रक्कम वळती होण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते. दिलेला आदेश ग्राहकाला केव्हाही रद्द करता येतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही. त्यामुळे ५९ रुपये निःशब्दपणे जातात, आणि आधी आलेला तो चोवीस तासांचा संदेश हीच एकमेव घंटा असते. ती न वाचता पुसून टाकणारा ग्राहक आपल्या हक्काचा त्याग करतो. युपीआयवर जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वयंवळतीच्या सोयीत तर आपले सर्व चालू आदेश एकत्र पाहता येतात.

सेवा घेणे सोपे आणि सोडणे अवघड अशी रचना मुद्दाम करणे, हा भारतात आता अनुचित प्रकार मानला गेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत नोंदवलेल्या तेरा प्रकारांत वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश आहे. प्रामाणिक निर्मात्याला त्याचे भय नसावे. ज्याला जायचे आहे त्याला दार उघडे आहे, हे ठाऊक असते म्हणूनच माणूस निर्धास्तपणे आत येतो.

मांडव सर्वांना खुला

वर्गणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. ज्ञान आणि कला पैसेवाल्यांपुरती राहील, असे त्यात म्हटले जाते. भिलाईसारख्या परीक्षांच्या तयारीने झपाटलेल्या गावात हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. गणिताचा उत्तम व्हिडिओ पैसे भरणाऱ्यांनाच दिसू लागला, तर ज्याला शिकवणी परवडत नाही त्याच मुलाचा आधार तुटेल.

या आक्षेपाला उत्तर मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी सगळे देत नाहीत. जो देतो तो आपल्या ऐपतीप्रमाणे देतो, आणि मांडव मात्र सर्वांना खुला असतो. पावती फाडणाऱ्यालाच दर्शन, असे कोणी म्हणत नाही. वर्गणी देणाऱ्याला मान मिळतो, जमाखर्च पाहण्याचा अधिकार मिळतो आणि आपल्यामुळे उत्सव उभा राहिला याचे समाधान मिळते. व्हिडिओच्या व्यवसायातही हीच रीत योग्य ठरेल. मुख्य धडे, मुख्य प्रयोग सर्वांसाठी खुले असावेत. वर्गणीदारांना शंकानिरसनाचे सत्र, तालमीचे चित्रण, नव्या भागाचे आधी दर्शन अशा जादा गोष्टी द्याव्यात. आणि मंडळ जसा फलकावर जमाखर्च लावते, तसे निर्मात्यानेही वर्षातून एकदा सांगावे की इतकी वर्गणी आली, तिच्यातून इतके साहित्य घेतले आणि इतके मानधन सहकाऱ्यांना दिले. २०१३ चा बंदिस्त वाहिन्यांचा प्रयोग फसला आणि २०१८ ची खुल्या वाहिन्यांची योजना टिकून राहिली, याचेही एक कारण या फरकात शोधता येईल.

दुसरा आक्षेप असा की, वर्गणीदारांना खूष ठेवण्याच्या नादात कलावंत त्यांचा आश्रित होतो. हा धोका खरा आहे. पण जाहिरातीवर जगणारा कलावंत तरी कोणाचा आश्रित नसतो? तो एका अदृश्य यंत्रणेचा आश्रित असतो, आणि त्या यंत्रणेला त्याचे नावही ठाऊक नसते. दोनशे ओळखीच्या माणसांचे ऋण त्यापेक्षा सुसह्य म्हटले पाहिजे. एकाने पाठ फिरवली तरी एकशे नव्याण्णव उरतात.

तीन महिन्यांची कसोटी

या सर्वांचा निष्कर्ष सरसकट ‘वर्गणी घ्या’ किंवा ‘वर्गणी देऊ नका’ असा काढता येणार नाही. हा प्रयोग आधी लहान प्रमाणात, मुदत ठरवून करून पाहावा, हेच शहाणपणाचे. तीन महिने त्यास पुरेसे आहेत.

निर्मात्याने या काळात दोनच गोष्टी वचन म्हणून द्याव्यात आणि त्या न चुकता पाळाव्यात. पाच आश्वासने देऊन तीन पाळणाऱ्यापेक्षा एक आश्वासन तारखेला पाळणाऱ्याचे वर्गणीदार टिकतात. व्यवसायाचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे असावे आणि दर महिन्याला किती आले, किती गळाले याची वहीत नोंद असावी. तीन महिन्यांअखेर निम्म्याहून अधिक आरंभीचे वर्गणीदार शिल्लक असतील तर पाया लागला असे समजावे.

प्रेक्षकाने एकाच वाहिनीपासून सुरुवात करावी. गेल्या वर्षभरात जिच्यापासून खरोखर काही मिळाले, मग तो धडा असो, पाककृती असो वा मनमोकळे हसू, अशी एक वाहिनी निवडावी. तीन महिन्यांनंतरची एक तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी स्वतःस विचारावे की ही वर्गणी आज नव्याने भरली असती काय? उत्तर होय असेल तर ती चालू राहू द्यावी. नसेल तर संकोच न करता बंद करावी.

आणि शाखेतील अधिकाऱ्यानेही आपल्या टेबलाशी आलेल्या अशा तरुणाला पगारपत्रक नाही म्हणून परत पाठवू नये. बारा महिन्यांचे खाते उतारे मागावेत, जाहिरातीचे आणि वर्गणीचे उत्पन्न वेगळे करून पाहावे, गळतीचे प्रमाण विचारावे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत सेवाव्यवसायांना स्थान आहे, आणि पन्नास हजारांवरील, पाच लाखांपर्यंतच्या ‘किशोर’ गटात एक लाखाची साधनसामग्री सहज बसते. शेतकऱ्याचे पीक, दुकानदाराची उलाढाल आणि रिक्षाचालकाची रोजची कमाई वाचायला बँका शिकल्या. व्हिडिओवाल्याची वर्गणी वाचायलाही त्यांनी शिकावे. जोखीम न वाचताच नाकारणे हे सावधपणाचे लक्षण नव्हे.

भिलाईच्या पहिल्या पिढीला भट्टीसमोर उभे राहण्याचे धैर्य होते, आणि त्या धैर्याच्या पाठीशी महिन्याची ठरलेली तारीख होती. तिसऱ्या पिढीतही धैर्य आहे. तिच्या पाठीशी तारीख उभी करण्याचे काम आता कोणा एका कारखान्याचे राहिलेले नाही. पूर्वी वर्षासन देण्यास संस्थानिक लागत असे. आज ते महिन्याला ५९ रुपये बाजूला काढू शकणाऱ्या, खातेपुस्तक नीट वाचणाऱ्या कोणाही सामान्य माणसाला देता येते.